किडा मारावा की सोडावा?



मागच्या रविवारी वर्गाच्या खिडकीवर एक लाल किडा बसला होता. पाठीवर काळे ठिपके. एकाने वही उगारली. तेवढ्यात दुसरीने "मारू नकोस!" म्हणून त्याचा हात धरला. तो म्हणाला, "आई झुरळ मारते ते चालतं, मग हा का नाही?" प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही आजच्या पाठासाठी तोच घेतला आहे.

तो किडा म्हणजे लेडीबग. मराठीत त्याला ढालकिडा म्हणतात. झाडांचा रस शोषणारा मावा हे त्याचे आवडते खाणे.

आता कॅलिफोर्नियातील एक खरी गोष्ट ऐका. १८८० च्या दशकात तेथील संत्र्यांच्या बागांवर ऑस्ट्रेलियातून आलेली एक कीड पसरली. फांद्या कापूस चिकटल्यासारख्या पांढऱ्या दिसू लागल्या. कोणतेच औषध लागू पडेना. तेव्हा अल्बर्ट कोबेल हे कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियाला गेले आणि ती कीड खाणारे लेडीबग त्यांनी बोटीने पाठवले. पहिल्या तीन खेपांत आले फक्त १२९! पण त्यांची प्रजा झपाट्याने वाढली आणि १८८९ साल संपेपर्यंत बागा सावरल्या.

पुढे १९४० च्या दशकात त्याच राज्यात संत्र्यांवर डीडीटी फवारले गेले. त्यात लेडीबग मेले आणि जुनी कीड पुन्हा उसळली. मित्र कोण, शत्रू कोण, हे औषधाला कळत नाही. ते आपणच ओळखायचे असते.

मग डासांचे काय? काही डासांमुळे मलेरिया, डेंग्यू होतो. जीव वाचवण्यासाठी डास मारणे आम्हांला चूक वाटत नाही. मात्र साचलेले पाणी ओतून टाकले तर मारायची वेळही कमी येते. आपल्याकडे आजी मुंग्यांना साखर घालते आणि तीच आजी तिन्हीसांजेला डासांसाठी कडुनिंबाचा धूरही करते. तिला दोन्ही कळते. "दिसला की मार" ही सवय मात्र वाईट.

त्या रविवारी शेवटी वही उगारणाऱ्यानेच खिडकी उघडली. किडा उडून गेला.

शब्दार्थ : खेप – एका वेळी पाठवलेला माल, तिन्हीसांज – संध्याकाळची वेळ, सावरणे – पुन्हा नीट होणे.

घरचा अभ्यास : घराजवळ दिसलेल्या एका कीटकाबद्दल आईबाबांच्या मदतीने पाच वाक्ये लिहा. तो काय खातो? त्याला कोण खाते? तुम्ही त्याला माराल की सोडाल, आणि का?