कुत्र्याची पोळी आणि धान्यावरील बुरशी

पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची, ही प्रथा दिल्लीतील अनेक घरांत आजही पाळली जाते. धान्य हे कुत्र्याचे अन्नच नव्हे, हा समज बरोबर नाही. पिष्ट पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, असे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांना आढळून आले. मात्र त्याच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसते. म्हणून धान्य मऊ शिजविलेले असावे. त्यात कांदा-लसूण नसावा. यीस्ट घातलेली कच्ची कणीक तर पोटात फुगते.

परंतु खरा धोका धान्याच्या साठवणीत असतो. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत काविळीची साथ उद्भवली आणि शंभरावर माणसे दगावली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनीही या साथीचा अभ्यास केला. बाधित घरांतील कुत्र्यांनाही तोच विकार जडला होता. अवकाळी पावसात भिजलेला मका हे दोघांचे समान अन्न. त्यावरील बुरशीच्या ॲफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत निकामी केले होते.

हे विष शिजविल्याने पुरते नष्ट होत नाही. तेव्हा आपण टाकून दिलेली बुरसटलेली पोळी कुत्र्यापुढे ठेवणे, याला भूतदया कसे म्हणावे? पावसाळ्यात पीठ बेताचेच आणावे. कुत्र्याची भूक मंदावली, डोळे पिवळसर दिसू लागले, तर ते अन्न तत्काळ थांबवून त्याच्या नमुन्यासह पशुवैद्याकडे जावे.