नळीवर वेळ लिही

सातारा, १८ ऑगस्ट

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एकाच फिलीचा पीसीव्ही सोमवारी ३८ आणि गुरुवारी ५१ कसा येतो, लॅबनं घोळ घातला का, असं तू विचारलंयस. लॅबला नावं ठेवण्याआधी स्वतःचंच पत्र पुन्हा वाच. गुरुवारी शेजारच्या बॉक्समधले घोडे ट्रॅकवर निघाले होते, ही खूर आपटत होती, सईसाला ती आवरेना आणि सुई दुसऱ्या खेपेला शिरेत गेली, हे सगळं तूच लिहिलंयस. आणखी काय हवं?

घोड्याची पानथरी ही विलक्षण चीज आहे. जनावर निवांत असताना अंगातल्या तांबड्या पेशींचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, ती आपल्याकडे राखून ठेवते. घोडा बिचकला, चिडला किंवा पळायला लागला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, पानथरी आवळते, तो साठा रक्तात उतरतो आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, चढतो. शर्यतीत जीव तोडून पळालेल्या थरोब्रेडचा पीसीव्ही ६० ते ६५ पर्यंत जातो. नाडी तिशीवरून सव्वादोनशेच्या घरात गेलेली असताना एवढा प्राणवायू वाहून न्यायला हेच रक्त कामी येतं. म्हणजे तुझे दोन्ही आकडे खरे आहेत. एक विसाव्यातला आहे, दुसरा धास्तीतला.

यातला खरा धोका दुसरीकडेच आहे. महिनोन्‌महिने काम केल्यावर घोड्याच्या अंगातल्या तांबड्या पेशी एकूण वाढतात, पण विसाव्यातला पीसीव्ही फारसा हलत नाही, कारण वाढावा पानथरीतच पडून असतो. कणगी भरलेली असताना ओसरीवरचं सूप बघून घरात धान्य नाही म्हणावं, तसं ३८ बघून ‘रक्त कमी आहे, लोहाचं टॉनिक द्या’ असं म्हणणारे तुला रोज भेटतील. ट्रेनर म्हणतील, मालक फोनवरून म्हणतील. तू मान डोलावू नकोस. लसूणघास आणि दाणा पोटभर खाणाऱ्या घोड्याला लोहाची वाण सहसा पडत नाही, आणि वरून दिलेलं जास्तीचं लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठतं. वाद घालू नकोस. ‘सर, परवा पहाटे, दाण्याआधी, घोडी शांत असताना पुन्हा बघते,’ एवढंच म्हण. कुरकुर करतील, करू देत.

पांढऱ्या पेशींचंही असंच. घाबरलेल्या घोड्यात त्या लगेच वाढतात. दमदार कामानंतर काही तासांनी कॉर्टिसॉलमुळे न्यूट्रोफिल वर आणि लिंफोसाइट खाली गेलेले दिसतात. तेवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरवून अँटिबायोटिकची बाटली उघडायची नाही. शंका असेल तर एसएए, हा दाहात वाढणारा प्रथिनघटक, बघ. निरोगी घोड्यात तो जवळजवळ नसतोच आणि एका शर्यतीनं फारसा ढळत नाही. संसर्गात मात्र एक-दोन दिवसांत शेकड्यांत जातो.

स्नायूंचं मात्र बारकाईनं शिकून घे, कारण पोटापाण्याचं काम तिथंच आहे. सीके आणि एएसटी या स्नायूंतल्या एन्झाइमांचे दोन आकडे नेहमी जोडीनं मागव. स्नायू दुखावला की सीके चार ते सहा तासांत शिखर गाठतो आणि थोड्या दिवसांत खाली येतो. एएसटी सावकाश, दिवसभरानं चढतो आणि आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. सीके चढलेला, एएसटी जागच्या जागी, तर दुखापत आजची. एएसटी वर आणि सीके उतरलेला, तर काही दिवसांपूर्वी काहीतरी घडलंय आणि तुला कुणी सांगितलेलं नाही. अशा वेळी ट्रेनरच्या आधी सईसाशी बोल. रविवारी सुटी पण दाणा पूर्ण, सोमवारी कँटर करून आल्यावर पुठ्ठे लाकडासारखे ताठ, अंगाला घाम, लघवी कॉफीच्या रंगाची, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. भित्र्या, तरण्या फिलींत हे टाइंग-अप जास्त. तुझी ही फिली त्याच वळणाची वाटते. तिला पंधरा मिनिटं हलकी दुडकी चालव. आधी एक आणि नंतर चार ते सहा तासांनी एक, असं दोनदा रक्त घे. सीके तिपटीहून वर गेला तर दाणा कमी करायला लाव आणि सुटीच्या दिवशीही तिला फिरवून आण. काही न करता नुसती बॉक्समध्ये उभी ठेवणं तिला मानवणार नाही.

लॅक्टेटबद्दल फार लिहीत नाही. विसाव्यात १ च्या आत, शर्यतीनंतर २० च्याही वर, यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याच वेगाला महिन्याभरानं आकडा कमी आला तर घोडा तयार होतोय. मात्र वेग तोच हवा आणि थांबल्यानंतरची मिनिटंही तीच. नाहीतर मीटरवर खर्च केलेले पैसे पाण्यात.

आणि नळीवर नुसतं घोडीचं नाव नको. किती वाजता, दाण्याआधी की नंतर, आदल्या दिवशी काय काम झालं, घोडी शांत होती का, सगळं लिही. पेनाची शाई पावसात फुटते, मार्कर वापर. नमुना तापलेल्या गाडीत ठेवू नकोस, पेशी फुटल्या की पोटॅशियम उगाच चढलेलं दिसतं. छापील रेंजवर फार विसंबू नकोस, प्रत्येक घोड्याची स्वतःची वही कर. त्या वहीतला मागचा आकडा तुला रेंजपेक्षा जास्त सांगेल.

आईला नमस्कार सांग. फिलीचा परवाचा रिपोर्ट आला की कळव, एएसटीसकट.

तुझा,
काका