मुरुडला जाण्याआधी तिथी बघा

१ फेब्रुवारी २०१६. पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी त्या दुपारी मुरुडच्या समुद्रात बुडाले. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. कोकणात फिरायला सगळ्यांत चांगले मानले जाणारे थंडीचे दिवस होते.

रायगड जिल्ह्यातलं हे छोटं गाव. दक्षिणेला राजपुरी आणि तिथून पाण्यात उभा दिसणारा जंजिरा, समोर समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग, गावापुढे लांबलचक सपाट पुळण आणि तिला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या. शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या काशीदवरून इथे येतात. खोलीला एसी आहे का, थाळीत सुरमई मिळेल का, गाडी कुठे लावायची, हे सगळं पाहुण्यांनी आधीच फोनवर विचारलेलं असतं. भरती किती वाजता, असं विचारणारा मात्र क्वचितच निघतो, हे वाडीतल्या खोल्या भाड्याने देणाऱ्या एका काकूंनी मला सांगितलं. खरं तर तोच पहिला प्रश्न असायला हवा.

त्याचं ढोबळ उत्तर घरातल्या कालनिर्णयावरही मिळतं. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. या हिशेबात थोडा पुढेमागे फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ गावातल्या माणसाकडून पक्की करून घ्यावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. तेव्हा सहा तासांत पाण्याची पातळी तीन मीटरहून जास्त खाली-वर होते. आता पर्यटकाची दुपार आठवा. जेवण आटोपून तीनच्या सुमारास सगळे पाण्यात उतरतात, आणि उधाणाच्या दिवशी नेमकं तेव्हाच पाणी जोरात मागे फिरत असतं. पुळणीला उतार कमी, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून माणसं हसतखेळत पाण्यामागे आत आत जात राहतात. पायाखालची वाळू सरकू लागते तेव्हा किनारा बराच लांब राहिलेला असतो.

एका अमावास्येच्या संध्याकाळी मी इथे एक गाडी रुतलेली पाहिली. सहाच्या सुमारास ओली वाळू रस्त्यासारखी टणक लागते, म्हणून त्या कुटुंबाने फोटोंसाठी गाडी थेट पाण्याजवळ नेली होती. सूर्य बुडाला, भरती लागली, आणि चाकं फिरवावीत तशी ती आणखी खोल जाऊ लागली. दोन मुलं मागच्या सीटवर रडत होती. गावातल्या पोरांनी आधी मुलांना उचलून बाहेर काढलं, मग ट्रॅक्टर आणला. तोवर खारं पाणी दारापर्यंत आलं होतं. गाडी निघाली. पण त्या पोरांनी आधी माणसं आणि मग गाडी हा क्रम धरला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाळूवर गाडी नेऊच नये, हे वेगळं सांगायला नको.

ओढीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे आजूबाजूपेक्षा तिथलं पाणी शांत दिसतं आणि मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात. ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड करतो आणि दमून जातो. त्याने किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकत जावं. पट्टा अरुंद असल्याने त्यातून सुटता येतं. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून मदत मागावी. काठावरच्यांनी हातात हात धरून साखळी करत आत जाऊ नये. दोर, रिकामा कॅन, नारळाची झावळी, जे तरंगेल ते फेकावं, जीवरक्षकाला आणि कोळ्यांना हाक मारावी आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा.

अलिबागला थांबणार असाल तर कुलाबा किल्ल्यालाही भरती-ओहोटीचा हाच हिशेब लागू आहे. ओहोटीला चालत जाता येतं, पण परतीची वेळ ठरवूनच निघावं.

राहिला जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात आणि किल्ल्याच्या दारातच, हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकावं लागतं. वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना तिथे दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. इतर दिवसांतही वारा वाढला की होडीवाले दादा कधी कधी नकार देतात. तेव्हा जास्त पैसे देतो म्हणून त्यांच्या मागे लागू नये. त्या दिवशी फणसाड अभयारण्यात शेकरू शोधत फिरावं, किंवा आगरदांड्याहून जंगलजेटी म्हणतात त्या फेरीबोटीने गाडीसकट खाडीपार दिघीला जावं आणि जंजिऱ्याचा बेत दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलावा.