पेरणी आणि पाटी

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील घराघरांतून दोन कामांची लगबग एकाच वेळी सुरू होते. एक काम शेताचे आणि दुसरे शाळेचे. ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. कोकणपट्टीवर पावसाचे आगमन होते आणि काही दिवसांत ढग सह्याद्री ओलांडून देशावर येतात. याच सुमारास, जूनच्या मध्यास, उन्हाळ्याची दीर्घ सुटी संपून शाळांची दारे उघडतात. विदर्भात उन्हाचा ताप लवकर ओसरत नाही. म्हणून तेथील शाळा आणखी काही दिवसांनी भरतात. ज्या दिवसांत काळ्या मातीत बी पडते, त्याच दिवसांत मुलांच्या हाती नवी पुस्तके पडतात. मुलांना या दिवसांचा मोठा आनंद वाटतो. आईवडिलांनाही वाटतो, परंतु त्यांच्या आनंदाबरोबर अनेक विचारही घरात येतात.

पहिला विचार असतो पैशाचा. कोरडवाहू शेतकऱ्याचा हात वर्षातून ज्या दिवसांत सर्वांत तंग असतो, ते हेच दिवस होत. खरिपाचे पीक दिवाळीच्या आगेमागे घरी येते आणि रब्बीचे होळीच्या सुमारास. त्या पैशातून देणी फिटतात, लग्नकार्ये पार पडतात, घराची डागडुजी होते. जून येईपर्यंत गाठीशी फारसे काही उरत नाही. नेमके तेव्हाच शेताला बियाणे हवे असते, खत हवे असते आणि मुलांना वह्या, दप्तर, चपला व पावसात पांघरायला काहीतरी हवे असते. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तके आता विनामूल्य मिळतात. दुपारचे जेवणही शाळेतच मिळते. त्यामुळे पूर्वीचा भार पुष्कळच हलका झाला आहे. तथापि तो नाहीसा झालेला नाही. बाजारच्या दिवशी बाप बियाण्याच्या दुकानातून बाहेर पडतो आणि वह्यांच्या दुकानापुढे उभा राहतो, तेव्हा खिशातील नोटा तो दोनदा मोजतो. स्वतःसाठी घ्यावयाच्या चपला तो पुढच्या बाजारावर टाकतो. मुलांना हे सहसा कळत नाही. ते त्यांना कळावे, अशी बापाचीही इच्छा नसते.

दुसरा विचार याहून अवघड असतो. तो म्हणजे कामाच्या हातांचा. पैशाची ओढाताण एकवेळ उसनवारीने भागते, परंतु हातांची ओढाताण तशी भागत नाही. पेरणीला पंचांगातील मुहूर्त पुरत नाही. तिला वाफसा लागतो. पाऊस पडून जमीन खोलवर भिजली, वरचे पाणी मुरले, पायाला चिखल लागेनासा झाला, म्हणजे वाफसा आला असे शेतकरी म्हणतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. एकदा वाफसा आला की तो थोडेच दिवस टिकतो. तेवढ्या अवधीत सारी पेरणी उरकावी लागते. घरातील थोरली माणसे दिवसभर शेतात असतात. मग पाणी कोणी भरावे? गुरे कोणी सोडावीत? पाळण्यातील लहानग्याकडे कोणी पाहावे? अशा वेळी घराची दृष्टी नकळत मुलांकडे वळते आणि बहुधा ती मुलीवर येऊन थांबते.

“पेरणी होईपर्यंत ताईला घरी राहू दे. चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” असे आई म्हणते. ती दुष्ट नसते. मुलीवर तिचा जीव असतो. तिने स्वतःही कदाचित अशाच एका पावसाळ्यात पाटी फडताळावर ठेवलेली असते. परंतु चार दिवसांचे आठ होतात. पाऊस लांबतो, मग दुबार पेरणी निघते, मग खुरपणी येते. इकडे शाळेत अपूर्णांकांचा पाठ होऊन जातो. ज्याला अपूर्णांक आले नाहीत त्याला दशांश कळत नाहीत, आणि ज्याला दशांश कळत नाहीत त्याला टक्केवारी कळत नाही. पंधरवड्याने मुलगी वर्गात येऊन बसते तेव्हा फळ्यावरील आकडे तिला अनोळखी वाटतात. ती मागच्या बाकावर जाते. पुढे एके दिवशी तीच म्हणते, “आई, मला शाळा नको.” तिला शाळेतून कोणी काढलेले नसते. एकेका दिवसाने ती आपण होऊन सुटत गेलेली असते.

ही अडचण आजची नव्हे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हापासून शिकविणाऱ्यांना ती ठाऊक आहे. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी शेतकऱ्यांच्या घरची ही स्थिती स्पष्टपणे मांडली होती. गरिबांची मुले गुरे राखण्यास व शेत सांभाळण्यास लागतात, म्हणून आईबाप त्यांना शाळेत पाठवू शकत नाहीत, हे त्यांनी सांगितले. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे आणि अशा मुलांना उत्तेजनार्थ विद्यावेतने व बक्षिसे द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. नुसती सक्ती पुरणार नाही, घराची अडचणही हलकी केली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो पालक मुलास शाळेत धाडणार नाही, त्यास दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपयाची किंमत मोठी होती. स्वतंत्र भारतात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यामुळे ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षण मिळणे हा हक्क ठरला. एवढे सारे झाले. तरीही मुलाने रोज शाळेत जावे की नाही, हा निर्णय अखेर सकाळी चुलीपाशीच होतो. कायदा शाळेचे दार उघडे ठेवतो. त्या दारापर्यंत मुलाला पोचविण्याचे काम घराचे असते.

हे काम काही घरांनी कसे केले, याचे एक उदाहरण साताऱ्यास घडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची गरीब मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कष्ट करून शिकत. त्या मुलांच्या जेवणाखाण्याचा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी उचलला. कोठीतले धान्य संपले की त्या अंगावरचा एखादा दागिना मोडीत. असे करता करता दागिने संपले आणि एके प्रसंगी त्यांनी मंगळसूत्रही मोडले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती. आज त्या संस्थेच्या शाखा महाराष्ट्रभर पसरल्या आहेत. त्या विस्ताराच्या मुळाशी एका गृहिणीचा हा त्याग आहे.

शहरात पेरणी नसते, परंतु जूनची ओढाताण तेथेही चुकत नाही. आईवडील दोघेही कामावर जाणारी असली म्हणजे घराचा सारा संसार घड्याळावर चालतो. पहाटे नळाला पाणी येते. त्यानंतर डबे, गणवेश, दप्तरे, बस यांची धावपळ सुरू होते. पुण्यातील अप्पा बळवंत चौकासारख्या पुस्तकांच्या बाजारात या दिवसांत पाय ठेवण्यास जागा नसते. रात्री जेवणे आटोपली की सतरंजीवर वह्या-पुस्तकांचा ढीग पडतो आणि घरातील सारी मंडळी कव्हरे घालण्यास बसतात. वडील कागद कापतात, आई घड्या घालते, मुले आपली नावे लिहितात. दादाचे गतवर्षीचे दप्तर शिवून धाकट्याकडे येते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे राज्य शासनाने २०१५ साली ठरवून दिले आहे. ३५ किलो वजनाच्या मुलाने साडेतीन किलोंहून अधिक ओझे वाहू नये, असा याचा अर्थ. एखादा जागरूक बाप दप्तर हाती तोलून पाहतो आणि त्यातून नको त्या वस्तू बाहेर काढतो.

यानंतर येतो तो तिसरा विचार; तो आईबाप कोणापाशी बोलत नाहीत. पहिलीत जाणारे मूल शाळेच्या दाराशी आईचा पदर सोडीत नाही आणि त्याला आत सोडून परतताना आईचे पाऊल जड होते. तेच मूल सातवीत गेले म्हणजे मागे वळूनही पाहत नाही. आईला त्याचा अभिमान वाटतो आणि थोडे रितेही वाटते. दीड महिना गजबजलेले घर साडेदहाच्या सुमारास एकदम शांत होते. भाकरी थापताना तिच्या मनात येते, ‘मूल शिकत आहे. ते मोठे होईल. पण शिकलेल्या मुलाला हे घर आपले वाटेल ना?’ जिला स्वतःला वाचता येत नाही, अशा आईच्या मनात ही शंका अधिक खोल असते. मुलाने तिच्या बोलीला हसावे, शिक्षकांना भेटण्यास तिने येऊ नये असे त्याला वाटावे, याहून मोठे दुःख तिला नाही. शाळेच्या खर्चाने ती खचत नाही. परंतु अशा एका हसण्याने खचते.

म्हणून शाळेत मिळालेली विद्या मुलाने घरी आणली पाहिजे. हे कसे करावे, हे एका साध्या गोष्टीवरून ध्यानात येईल. बियाण्याच्या पिशवीवरील पट्टीवर उगवणशक्तीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. म्हणजे १०० दाणे पेरले तर निदान ७० उगवावेत. टक्केवारी शिकलेली मुलगी ही पट्टी वडिलांना वाचून दाखविते. घरचे बियाणे असेल तर ती १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते आणि काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजून सांगते, “बाबा, साठच उगवले. बी थोडे जास्त धरावे लागेल.” त्या दिवशी बापाला कळते की वह्यांवर घातलेला पैसा शेतातही आला आहे. औषधाच्या बाटलीवरील सूचना, वीजबिलाचे आकडे, बँकेतील कागद, हे सारे मुलाने घरच्यांना विनयाने वाचून दाखविले तर घर आणि शाळा यांतील अंतर वाढत नाही.

दुसरे काम याहून सोपे, तरीही अधिक मोलाचे आहे. पेरणीच्या दिवसांत ताईने घरी राहावे असे घरात ठरू लागले, तर तिच्या धाकट्या भावाने म्हणावे, “आई, सकाळचे पाणी मी भरतो. भांडी आम्ही दोघे घासू. ताईला शाळेत जाऊ दे.” पाण्याची घागर उचलणे हे मुलीचेच काम आहे, असे कोठेही लिहिलेले नाही. शाळेपूर्वीचा एक तास आणि शाळेनंतरचा एक तास दोघांनी वाटून घेतला, शेजारच्या आजींनी दुपारी पाळण्याकडे लक्ष दिले, तर कोणाचाही दिवस बुडत नाही. अशा वेळी आईचा चेहरा निवळतो. तिला मुलीला घरी ठेवावयाचे नसतेच. तिला फक्त दुसरा हात हवा असतो.

पेरलेले बी आठवड्याभरात वर येते. चार महिन्यांनी पीक उभे राहते. विद्येचे तसे नाही. तिचे पीक हाती येण्यास कित्येक वर्षे लागतात आणि तोवर आईबापांना नुसता विश्वास ठेवून वाट पाहावी लागते. शेतकरी आकाशाकडे पाहून बी टाकतो. पाऊस त्याच्या हाती नसतो. मुलाला शाळेत धाडतानाही पुढचे सारे त्याच्या हाती नसते. तरीही तो दरवर्षी जूनमध्ये दोन्ही कामे करतो. पावसाचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. मुलाचा भरवसा मात्र मूल स्वतः देऊ शकते.

स्वाध्याय

१. जून महिन्यात शेतकऱ्याचा हात तंग का असतो?
२. ‘वाफसा’ म्हणजे काय? पेरणी थोड्याच दिवसांत का उरकावी लागते?
३. हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी कोणती मागणी केली? सक्तीबरोबर आणखी काय हवे, असे त्यांना वाटत होते?
४. ‘कायदा शाळेचे दार उघडे ठेवतो. त्या दारापर्यंत मुलाला पोचविण्याचे काम घराचे असते.’ या वाक्यांचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
५. तुमच्या घरी सकाळी कोणकोणती कामे असतात? ती कोण करते? त्यांतील कोणते काम तुम्ही उद्यापासून कराल, ते लिहा.