आग आणि उजेड : सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी इंग्रजीचा पाठ



सिंगापूरच्या राजभाषा चार : मलय, मँडरिन चिनी, तमिळ आणि इंग्रजी. मराठी त्यांत नाही. त्यामुळे मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे तिथे इंग्रजीवाचून अडते. बाजारात हातवारे करून भागते, पण आग लागली तर भागत नाही. म्हणून आजचा पाठ आगीच्या आणि उजेडाच्या शब्दांचा.

१. आगीचे शब्द

फायर म्हणजे आग. स्मोक म्हणजे धूर. दिव्याची किंवा शेगडीची ज्योत ती फ्लेम. विजेच्या प्लगमधून उडते ती ठिणगी, स्पार्क. निखाऱ्याला एम्बर म्हणतात. गादी किंवा कापूस ज्वाळेवाचून आतल्या आत धुमसतो, त्याला स्मोल्डर हे क्रियापद आहे. कपडा इस्त्रीने करपला तर स्कॉर्च.

आग भडकून हाताबाहेर गेली की तिला ब्लेझ म्हणतात. २५ मे १९६१ रोजी सिंगापूरच्या बुकित हो स्वी वस्तीत असा ब्लेझ झाला. घरे दाटीची, पुष्कळांची छपरे पामच्या झावळ्यांची. कोकणातली शाकारलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वाऱ्यावर काय झाले असेल ते सांगायला नको. चार माणसे गेली आणि सुमारे १६,००० लोक बेघर झाले. तेथे पुढे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या.

२. फसवा शब्द

इनकरेक्ट म्हणजे बरोबर नसलेले. त्या चालीवर इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारे, असे कोणी समजेल तर घात होईल. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल या दोहोंचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारे. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणतात. डब्यावर यांपैकी कोणता शब्द आहे ते पाहूनच तो शेगडीजवळ ठेवायचा की नाही ते ठरवावे.

३. लिफ्टची पाटी

‘इन केस ऑफ फायर, डू नॉट यूज द लिफ्ट’. अर्थ : आग लागल्यास लिफ्ट वापरू नका, जिन्याने उतरा. २१ नोव्हेंबर १९७२ रोजी रॅफल्स प्लेसमधील रॉबिन्सन्स या मोठ्या दुकानाला आग लागली. त्यात नऊ जण दगावले. त्यांतले बहुतेक लिफ्टमध्ये अडकले होते. पाटी पाठ करायची ती एवढ्यासाठी.

४. फोनवर काय बोलावे

अग्निशमन दलाचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९५. पोलिसांचा ९९९. फोनवर म्हणावे : ‘देअर इज अ फायर इन माय किचन.’ मग ब्लॉकचा क्रमांक, रस्ता आणि मजला सांगावा. येथे एक खबरदारी : आपण ज्याला तळमजला म्हणतो, त्याला तिथे पहिला मजला म्हणतात. आपल्या हिशेबाने चौथा तो तिथला पाचवा. पत्ता इंग्रजीत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावा.

कढईत तेल तापत ठेवून बाहेर जाऊ नये. तशा स्वयंपाकाला अनअटेंडेड कुकिंग म्हणतात, आणि तिथल्या घरांतल्या आगींचे ते एक मोठे कारण आहे. धुराने वाजणारा गजर तो स्मोक अलार्म. १ जून २०१८ पासून तिथल्या नव्या घरांत तो बसवणे सक्तीचे आहे.

५. उजेडाचे शब्द

मंद, सुखद उजेड तो ग्लो. डोळ्यांना खुपणारा प्रखर उजेड तो ग्लेअर. डोळे दिपणे म्हणजे डॅझल. क्षणभर चमकून जाणे म्हणजे फ्लॅश : १८५१ पासून समुद्रात उभे असलेले हॉर्सबर्ग दीपगृह जहाजांना असाच इशारा देते. वाऱ्याने ज्योत थरथरते ते फ्लिकर. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आपल्या लोकांना शब्बाथच्या तेलाच्या दिव्याची थरथर वेगळी सांगायला नको.

मराठीत दिवा ‘विझवणे’ आपल्या जिवावर येते, आपण तो ‘मालवतो’. इंग्रजीत मात्र दिवा आणि आग, दोन्हींना पुट आउट हाच शब्द. विजेचा दिवा असेल तर स्विच ऑफ. सिंगापूरकर बोलण्यात नुसते ‘ऑफ द लाइट’ म्हणतात, ते ऐकून गोंधळू नये.

अभ्यास

गाळलेले शब्द भरा :
(१) प्लगमधून ____ उडाली.
(२) खिडकीवर उन्हाचा ____ येतो, पडदा ओढा.
(३) हा डबा ____ आहे, चुलीपासून दूर ठेवा.

उत्तरे : स्पार्क, ग्लेअर, इनफ्लेमेबल.

चौथा प्रश्न घरातल्यांसाठी : आजी-आजोबांकडून ९९५ चा संवाद तोंडी म्हणून घ्यावा. एकदा नव्हे, तीनदा. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी पाठ केलेलेच शब्द येतात.