मिळकत घटली असता मुलीच्या पोटगीचे काय?

प्रश्न : फौजदारी न्यायालयाच्या हुकुमान्वये मुलीच्या पोटगीदाखल मी दरमहा 12,000 रुपये देतो. कारखाना बंद पडल्याने माझी प्राप्ती निम्म्यावर आली आहे. रक्कम स्वतःच कमी करून पाठवावी काय?

उत्तर : तसे कदापि करू नये. हुकूम जोवर न्यायालयच फिरवीत नाही तोवर तो अंमलात राहतो, आणि आपण परस्पर कापलेली प्रत्येक रक्कम थकबाकी म्हणून आपल्या नावावर चढत जाऊन तिच्या वसुलीसाठी वॉरंट, प्रसंगी कारावासही, ओढवू शकतो. उपाय कायद्यातच आहे : पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 127, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 146 म्हणून समाविष्ट झाले आहे, त्यान्वये देणाऱ्याच्या अथवा घेणाऱ्याच्या परिस्थितीत पालट झाल्याचे सिद्ध झाल्यास न्यायालय रक्कम कमी वा अधिक करू शकते. म्हणून विलंब न लावता अर्ज दाखल करावा, आणि त्यासोबत कामावरून कमी केल्याचे पत्र, बँकेचे उतारे व आयकर विवरणपत्र जोडावे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात विहित केलेले मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्रही लागेल, आणि त्यात काही दडवल्याचे उघड झाल्यास खऱ्या अडचणीवरचाही विश्वास उडतो. बुद्ध्याच नोकरी सोडणाऱ्यास न्यायालय सहसा दाद देत नाही, आणि हे मला सर्वथा न्याय्य वाटते, कारण मुलीच्या शाळेची फी बापाच्या मर्जीची वाट पाहत नाही. आईची कमाई असल्यास तीही विचारात घेतली जाते. निकाल लागेपर्यंत शक्य तर पूर्ण, अन्यथा जमेल तेवढी रक्कम दरमहा बँकेमार्फतच भरत राहावी.