तोट्यात गेलेली टेकडी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बागेवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या मे महिन्यात मामांकडे स्पेनमधील बार्सिलोना येथे जाण्याचा योग आला, आणि तेथील ‘पार्क ग्वेल’ पाहताना मला आठवले ते नफातोटा पत्रकच!

शहराच्या माथ्यावरील ही टेकडी मुळात बाग नव्हतीच. कारखानदार एउझेबी ग्वेल यांनी 1900 साली तेथे श्रीमंतांसाठी वसाहत काढण्याचे ठरविले व काम वास्तुशिल्पी आंतोनी गाउदी यांजकडे सोपविले. सुमारे 60 भूखंड आखले. भूखंडाच्या एक षष्ठांश भागावरच बांधावयाचे, शेजाऱ्याचे ऊन अडवावयाचे नाही, अशा अटी होत्या. करार किचकट, येण्याजाण्याची सोय अपुरी. गिऱ्हाईक फिरकेना. 1914 साली काम थांबले तेव्हा नवी घरे अवघी दोन. त्यांपैकी एकात 1906 पासून खुद्द गाउदीच राहत होते.

मात्र सामाईक बांधकाम आधीच झाले होते. 86 खांबांचा मंडप वसाहतीच्या बाजारासाठी होता. त्याच्या छतावर मैदान आहे. पावसाचे पाणी मैदानातून झिरपून खांबांच्या पोकळीतून खालच्या टाकीत उतरते. मैदानाच्या कडेचा नागमोडी बाक फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांनी मढविला आहे. त्यात गाउदींचे सहकारी जुजोल यांचा हात आहे. टाकाऊ मालाचा असा हिशेब आमच्या परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकात नाही.

ग्वेल 1918 मध्ये वारले. नगरपालिकेने 1922 मध्ये जागा विकत घेतली व 1926 मध्ये बाग म्हणून सर्वांना खुली केली. 1984 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. 2013 पासून मुख्य भागास तिकीट आहे. नोंदणी केलेल्या शहरवासीयांस ते लागत नाही. मामा फुकट आत गेले, मला पैसे पडले.

त्या बाकावर बसून समुद्रापर्यंत पसरलेले शहर पाहत मी म्हणालो, “मामा, धंदा म्हणून हा साफ तोटाच की!”

मामा हसले. “अरे, साठच्या साठ घरं विकली गेली असती, तर आपल्याला फाटकाच्या आत तरी घेतलं असतं का?”

मला उत्तर सुचले नाही.

आपल्याकडेही टेकड्यांवर भूखंड पडत आहेत. नकाशात कोपऱ्यात ‘बागेसाठी राखीव’ असा चौकोन असतो. त्याची पाळी सर्वांत शेवटी येते, पुष्कळदा येतच नाही. ग्वेलच्या टेकडीवर सर्वांचे आधी बांधले, म्हणून धंदा बुडूनही काही उरले. आपला धंदा बुडाला तर गावासाठी काय उरेल, हा रकाना ताळेबंदात नसतो. उद्या हिशेब लिहिणाऱ्या आपण निदान मनात तरी तो आखावा.